अण्णांची मूठ आणि विषाची सुई

वाचकाचं पत्र

आम्ही ग्वाल्हेरला, शहराच्या लष्कर या भागात राहतो. माझे सासरे, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात, 67 वर्षांचे आहेत. 14 महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या बाजूला लकवा मारला. बोलणं बरंच सुधारलं, काठीने चालतातही. पण उजवा हात कोपरात दुमडून छातीशी आलाय आणि मूठ इतकी घट्ट वळलीय की नखं तळहातात रुततात. आतून वास येतो, कातडी पांढरी पडते, उघडायला गेलं की ओरडतात. थंडीत तर जास्तच आवळते. स्नायू सैल करणाऱ्या बॅक्लोफेनच्या गोळ्यांनी दिवसभर पेंगतात. आता न्यूरॉलॉजिस्टनी बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं सुचवली आहेत आणि घरात दोन तट पडलेत. दीर म्हणतात, हे जगातलं सगळ्यात जहाल विष, लकवा झालेल्या माणसाला आणखी लकवा आणायचा का? जाऊबाई म्हणतात, धनुर्वाताच्या सुईसारखंच काहीतरी असेल. हात परत चालेल का? किती युनिट, किती वेळा? घरी आम्ही काय करायचं? आणखी एक: नणंदेची मुलगी 5 महिन्यांची आहे, तिला घुटीत मध देतात. मधातही हाच जंतू असतो असं ऐकलं. खरं आहे का?

एक सून, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर

ताई, मधाचं आधी सांगतो, कारण ते उद्यावर टाकण्यासारखं नाही. घुटीतला मध आजपासून बंद करायला सांगा. बोटाला लावून चाटवायचा तेवढासुद्धा नको. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू मातीत असतात आणि काही मधात सापडतात. मोठ्या माणसाच्या पोटात ते नुसते येतात आणि जातात. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मात्र त्यांना अडवणारी इतर जंतूंची वस्ती अजून बसलेली नसते, म्हणून ते तिथे रुजतात आणि विष आतल्या आत तयार होतं. मध उकळून हे बीजाणू मरत नाहीत. बाळाला आधी बद्धकोष्ठ होतो, मग रडणं क्षीण होतं, दूध ओढायची ताकद कमी होते, पापण्या जड दिसतात, मान लुळी पडते. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. वर्ष पूर्ण झाल्यावर मध द्यायला हरकत नाही.

आता अण्णा. तुमच्या दिरांचं म्हणणं खोटं नाही, अर्धं आहे. हे माहीत असलेल्या विषांपैकी सर्वांत जहाल आहे. सुईवाटे गेलं तर 70 किलोच्या माणसाला अंदाजे 90 ते 150 नॅनोग्रॅम प्राणघातक ठरतं. एक नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. पण 100 युनिटच्या एका प्रचलित कुपीत टॉक्सिन आणि त्याला सांभाळणारी सोबतची प्रथिनं मिळून साधारण 5 नॅनोग्रॅम असतात, आणि प्रत्यक्ष काम करणारं टॉक्सिन त्यातला सहावा हिस्सा, म्हणजे 1 नॅनोग्रॅमहूनही कमी. शिवाय ते रक्तात सोडत नाहीत, निवडलेल्या स्नायूत ठेवतात. दिरांना हे आकडे दाखवा. त्यांची भीती आपुलकीतून आलेली आहे, तिला उत्तर मिळायला हवं.

हे विष करतं काय, ते समजलं की लकव्यावर लकवा हे कोडंही सुटतं. नस आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात, मधे अतिसूक्ष्म फट असते. हुकूम आला की नसेच्या टोकाशी साठवलेल्या अ‍ॅसिटिलकोलीनच्या इवल्याशा पिशव्या टोकाच्या भिंतीला येऊन मिळतात, उघडतात, रसायन फटीत सांडतं आणि स्नायू आवळतो. पिशवीला भिंतीशी ओढून आणायला तीन प्रथिनं वेणी घातल्यासारखी एकमेकांत गुंफली जातात: भिंतीकडची स्नॅप-25 आणि सिंटॅक्सिन, पिशवीवरचं सिनॅप्टोब्रेव्हिन. बोट्युलिनमच्या रेणूचा मोठा भाग नसेचं टोक नेमकं ओळखून धरतो आणि आत शिरायची वाट करून देतो. छोटा भाग म्हणजे कात्री, जस्ताच्या अणूवर चालणारी. औषधात जास्त वापरला जाणारा ए प्रकार स्नॅप-25 कापतो. 206 मण्यांची ही माळ असेल, तर तिच्या टोकाचे फक्त 9 मणी तुटतात. तेवढ्याने वेणी घट्ट बसत नाही, पिशवी उघडत नाही, हुकूम नसेच्या टोकापर्यंत येतो आणि तिथेच थांबतो.

यात नस मरत नाही आणि स्नायूही मरत नाही. काही आठवड्यांत त्या टोकाला नवे फुटवे येतात आणि तात्पुरतं काम चालवतात. पुढे मूळ टोक सावरतं आणि फुटवे आपोआप मागे सरतात. म्हणून परिणाम साधारण 3 ते 4 महिने टिकतो आणि मग उतरतो. हे लोकांना औषधाचं वैगुण्य वाटतं. आमच्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा दिलासा आहे, कारण एखाद्या स्नायूत मात्रा जास्त झाली तरी ती चूक कायमची राहत नाही.

जाऊबाईंनी धनुर्वाताचं नाव काढलं ते बरं केलं. धनुर्वाताचा जंतू, क्लॉस्ट्रिडियम टेटानी, याच घराण्यातला. इतका सख्खा, की धनुर्वाताचं विष आणि बोट्युलिनमचा बी प्रकार सिनॅप्टोब्रेव्हिन हे एकच प्रथिन अगदी एकाच जागी कापतात. इटलीतल्या पादोव्हा इथल्या संशोधकांनी 1992 मध्ये हे दाखवलं. कात्री तीच, काप तोच, तरी एकाने माणूस लुळा पडतो आणि दुसऱ्याने धनुष्यासारखा ताणला जातो. फरक आहे तो जागेचा. बोट्युलिनम नसेच्या टोकाशीच थांबतं आणि स्नायूकडे जाणारा हुकूम अडवतं. धनुर्वाताचं विष त्याच नसेतून उलट वर चढत मणक्यातल्या मज्जारज्जूपर्यंत जातं आणि तिथल्या वेगळ्या पेशींत शिरतं, ज्यांचं काम ग्लायसीन आणि गाबा ही रसायनं सोडून स्नायूंना आवर घालणं हे आहे. तिथली वेणी तुटली की ब्रेक जातो. मग जबडा बसतो, पाठ वाकते.

अण्णांच्या हाताची गत याच्याशी मिळतीजुळती आहे. मेंदूतल्या इजेमुळे दोन गोष्टी एकदम झाल्या. हात हलवायचा हुकूम कमजोर झाला, तो लकवा. आणि मेंदूकडून मज्जारज्जूवर असणारा आवर सुटला, त्यामुळे मूठ मिटवणारे आणि कोपर दुमडणारे स्नायू जराशा ताणानेही आवळून बसतात. याला स्पास्टिसिटी म्हणतात. इंजेक्शन पहिल्या गोष्टीवर नाही, दुसऱ्या गोष्टीवर आहे. जे स्नायू गरजेपेक्षा जास्त काम करत आहेत, तेवढ्यांचाच आवाज ते कमी करतं. बॅक्लोफेन सगळ्या शरीराला सैल करतं आणि गुंगी आणतं, म्हणून अण्णा पेंगतात. ती गोळी कमी करायची तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून, हळूहळू. एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात.

आणि जाऊबाईंना सांगा, धनुर्वाताची सुई म्हणजे विष नव्हे, निष्प्रभ केलेलं विष. त्याने शरीर प्रतिकार शिकतं, स्नायू सैल होत नाहीत. अण्णांच्या तळहातात नखांनी जखम झाली असेल आणि शेवटची सुई घेऊन 10 वर्षं उलटली असतील, तर ती घ्यायची का हे मात्र जरूर विचारा. त्या लसीने बोट्युलिनमचा उपयोग कमी होत नाही.

हा उपचार कालपरवाचा नाही. जर्मन वैद्य युस्टिनुस केर्नर यांनी बिघडलेल्या सॉसेजमधून होणाऱ्या विषबाधेचा अभ्यास करताना 1820 च्या सुमारासच हे विष अतिचंचल नसांवर औषध होऊ शकेल असं सुचवलं होतं. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी तिरळ्या डोळ्यांवर ते वापरून दाखवलं आणि 1989 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. सुरकुत्यांसाठी मान्यता 2002 ची. म्हणजे चेहऱ्याचं काम नंतरचं, आजाराचं आधीचं.

हात परत चालेल का, याचं उत्तर सरळ देतो. 14 महिन्यांनंतर मूठ उघडते, दुखणं कमी होतं, तळहात धुता येतो, नखं कापता येतात, बंडीची बाही घालता येते, यावर भरवसा ठेवा. पेला धरता येईल, लिहिता येईल, यावर ठेवू नका. बोटं उघडायची थोडी ताकद आज आवळणाऱ्या स्नायूंखाली दबलेली असेल तर ती दिसू लागते, पण नसलेली ताकद टॉक्सिन आणत नाही. इंजेक्शनच्या आधी डॉक्टरांसमोर दोनच उद्दिष्टं लिहून काढा, उदाहरणार्थ “तळहात रोज न ओरडता धुता यावा” आणि “कोपर बाहीत जाईल इतकं सरळ व्हावं”. सहा आठवड्यांनी पैसे वाया गेले की नाही, हे त्यावरूनच कळेल.

त्याआधी घरीच एक गोष्ट तपासा. अण्णांना खुर्चीत बसवा, हाताखाली उशी द्या. मनगट तळहाताच्या दिशेने आणखी वाकू द्या. त्याने बोटांकडे जाणाऱ्या दोऱ्या, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरा, सैल पडतात. मग अंगठा मुळाशी धरून बाहेर काढा, टोकाला ओढू नका. नंतर चारही बोटं एकत्र, मुळाकडून, अगदी सावकाश. अडलं की जोर न लावता तिथेच 10-15 सेकंद थांबा, बहुधा सोडतील. झटक्याने उघडलं तर लगेच अडतात आणि हळू उघडलं तर सुटतात, असं असेल तर ती स्पास्टिसिटी, आणि सुईचा उपयोग होईल. मनगट पूर्ण वाकवूनही बोटं मुळीच सुटत नसतील, तर स्नायू आणि दोऱ्या आखडून आखूड झाल्या असण्याची शक्यता आहे. त्यावर टॉक्सिनचा फारसा उपयोग नसतो. शंका असेल तर डॉक्टर नस थोडा वेळ बधिर करून पाहतात: बधिर असताना मूठ उघडली तर सुई, नाही उघडली तर स्प्लिंट (हात उघडा धरून ठेवणारी पट्टी) किंवा शस्त्रक्रियेचा विचार. कुप्यांचा खर्च करण्याआधी हा प्रश्न विचाराच.

दुसरी तपासणी अशी की ताठरपणा अलीकडे वाढला असेल तर कारण हातातच असेल असं नाही. लघवीतला संसर्ग, बद्धकोष्ठ, पाठीवरची जखम, पायाचं रुतलेलं नख, घट्ट कपडा, या सगळ्यांनी स्पास्टिसिटी भडकते. थंडीनेही. ते आधी मिटवलं तर कधी कधी युनिटही कमी लागतात.

युनिटबद्दल. सुई तळहातात टोचत नाहीत, कारण बोटं मिटवणारे स्नायू कोपराखालच्या हातात असतात, एकावर एक थर. बोटॉक्स या याच टॉक्सिनच्या प्रचलित औषधाच्या हिशोबात बोटांच्या वरच्या आणि खालच्या थरात प्रत्येकी 30 ते 50 युनिट, अंगठा मिटवणाऱ्या लांब स्नायूत 20, मनगट वाकवणाऱ्या दोन स्नायूंत प्रत्येकी 12.5 ते 50, दंडाच्या बायसेप्समध्ये 100 ते 200 युनिट चार जागी विभागून. एकूण 400 युनिटच्या पुढे एका फेरीत जात नाहीत. अण्णांची मूठ आणि कोपर दोन्ही असल्याने दोन-तीन कुप्यांची गोष्ट निघाली तर दचकू नका. मात्र एक नीट लक्षात ठेवा: एका कंपनीचं युनिट दुसरीच्या युनिटाएवढं नसतं. डिस्पोर्ट या औषधात याच कामाला 500 ते 1000 युनिट लागतात आणि ती जास्तीची मात्रा नव्हे. कागदावर युनिटसोबत औषधाचं नावही लिहून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तरी घोटाळा होणार नाही.

सुई अल्ट्रासाऊंडने किंवा स्नायूला विजेची हलकी चेतना देऊन बघून टोचतात का, हे विचारा. अंदाजाने टोचलं तर ती शेजारच्या थरात जाते. मग मूठ तशीच राहते आणि मनगट उगाच ढिलं पडतं. आमचा आग्रह असा की दिल्लीचा मोह धरण्याआधी ग्वाल्हेरातच, जयारोग्यसारख्या मोठ्या रुग्णालयाच्या न्यूरॉलॉजी विभागात चौकशी करा. इंजेक्शननंतर 4 ते 6 आठवड्यांनी हात परत दाखवावा लागतो आणि सव्वातीनशे किलोमीटर प्रवास करून ती भेट टळते, असं फार होतं.

कुपी तुम्हाला बाहेरून आणावी लागली तर ती 2 ते 8 अंशांत राहायला हवी. लष्करातल्या मे महिन्यात गाडीच्या डब्यात नुसत्या पिशवीतून आणलेली कुपी वाया गेली असंच समजा, आणि नुकसान डोळ्यांनी दिसत नाही. थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या जेल पिशव्या घाला, मधे कापड ठेवा म्हणजे कुपी थेट बर्फाला टेकणार नाही. पावती आणि मुदतीची तारीख सोबत. कुपीत निर्वात पोकळी असते, म्हणून सुई टोचताच सलाइन आपोआप ओढलं जातं. ते ओढलं गेलं नाही तर कुपी वापरत नाहीत. नंतर हलक्या हाताने फिरवतात, हलवून फेस आणत नाहीत. 100 युनिटमध्ये 2 मिलिलिटर सलाइन घातलं तर दर 0.1 मिलिलिटरला 5 युनिट होतात. विरघळवलेलं औषध थंड ठेवून 24 तासांत संपवायचं, उरलेलं पुढच्या फेरीला नाही.

डॉक्टरांना हे सांगायला विसरू नका: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मग ती अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल असो की वॉरफरिन (स्वतःहून बंद करू नका, सुईनंतर जागा दाबून धरतात, वॉरफरिन असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे याची तपासणी, बघतात), मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार, आणि गिळताना आधीच ठसका लागत असेल तर तोही. जेंटामायसिन, अमिकासिनसारखी अँटिबायोटिक इंजेक्शनं टॉक्सिनचा परिणाम वाढवतात. पुढच्या महिन्यांत लघवीच्या संसर्गासाठी कुणी ती लिहिली तर “नुकतं बोट्युलिनम दिलंय” एवढं एक वाक्य बोला.

टोचल्यावर त्या दिवशी तिथे तेल-मालिश नको. चौथ्या दिवशी काहीच फरक नाही म्हणून निराश होऊ नका. सैलपणा 3 ते 7 दिवसांत सुरू होतो, पूर्ण जोर 4 ते 6 आठवड्यांनी येतो. गिळायला त्रास, आवाज घोगरा किंवा बारीक होणं, पापणी खाली येणं, सगळ्या अंगाची अशक्तता, श्वास अपुरा पडणं, यातलं काही काही तासांपासून काही आठवड्यांपर्यंत केव्हाही दिसलं तर घरी थांबू नका. हे क्वचित होतं, पण झालं तर वाट बघायची नसते.

खरं काम त्यानंतर तुमच्या घरात आहे. सुई फक्त दार किलकिलं करते, आणि ते साधारण 12 आठवडेच. त्या काळात स्नायू रोज लांब केला नाही तर परिणाम उतरल्यावर मूठ होती तिथेच येते आणि लोक म्हणतात औषध फसलं. वर सांगितलेल्या पद्धतीने मूठ उघडा, कोमट पाण्याने तळहात आणि बोटांच्या बेचक्या धुवा, मऊ फडक्याने टिपून पूर्ण कोरडं करा. पांढरी कातडी बहुधा ओलाव्याची असते. खाज किंवा लाल पुरळ दिसला तर बुरशीचं मलम विचारा. नखं कानशीने गोल घासा. मग बोटं आणि मनगट सरळ दिशेने ताणून 30 सेकंद ते मिनिटभर धरा, 5-6 वेळा, दिवसातून दोनदा-तीनदा. कोपर वेगळं. दुखण्याच्या अलीकडे थांबा. हातात जुनं मऊ सुती कापड गुंडाळून त्याचा रोल ठेवा. दाबायचा चेंडू देऊ नका. सगळे कौतुकाने तोच आणून देतात, आणि त्याने मिटवणारे स्नायूच पुन्हा जोर धरतात.

स्प्लिंट मूठ सैल झाल्यावर, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मापाने बनवून घ्या. आधी बनवली तर आठवडाभरात माप बदलतं. सुरुवात अर्ध्या तासाने, मग वाढवत रात्रीपर्यंत. काढल्यावर लाल वळ 20 मिनिटांत गेला नाही तर ती तिथे रुतते आहे, ओढूनताणून घालू नका, दुरुस्त करून आणा. अण्णांना या हाताची जाणीव कमी असेल तर ते दुखतंय असं सांगणार नाहीत, म्हणून डोळ्यांनी बघावं लागतं.

पुढची फेरी 12 आठवड्यांच्या आत नाही. घाईने, थोडं थोडं देत राहिलं तर शरीर टॉक्सिनविरुद्ध प्रतिद्रव्यं बनवू शकतं आणि मग औषध लागूच पडत नाही. दर फेरीला देतीलच असंही नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, मूठ सहज उघडते तेव्हाचा फोटो मोबाइलवर काढत जा. कोणत्या आठवड्यात ती पुन्हा मिटायला लागली हे त्यात दिसतं आणि त्यावरून डॉक्टर पुढची मात्रा ठरवतात. ग्वाल्हेरची थंडी डिसेंबरअखेर आणि जानेवारीत सर्वांत कडक असते, आणि तेव्हाच अण्णांचा हात जास्त आवळतो. म्हणून जमलं तर एक फेरी नोव्हेंबरच्या मध्याला पडेल असा हिशोब आत्ताच डॉक्टरांशी बोलून धरा. तिचा पूर्ण जोर बरोबर त्या दिवसांत येईल.